एकतीस नंबरची व्हायल

बॅलन्सवरचा आकडा स्थिर झाला तो मी दोनदा वाचला. मग काचेची छोटी बाटली, म्हणजे व्हायल, उचलून तिचं बूड टिश्यूने पुसलं, बॅलन्सची काचेची दारं नीट लावली आणि ती परत ठेवली. आकडा हलायचं नाव घेईना.

वहीप्रमाणे एकतीस नंबरच्या व्हायलमध्ये दोनशे अठरा मिलिग्रॅम पावडर उरायला हवी होती. होती एकशे शहात्तर.

बेचाळीस मिलिग्रॅम म्हणजे नखावर मावेल एवढीशी पावडर. पण ती तयार करायला मला सात महिने लागले होते, आणि ती ज्या फ्रीजमध्ये होती त्याला कुलूप होतं. किल्ल्या दोनच. एक माझ्या गळ्यात, ओळखपत्राच्या दोरीला. दुसरी तुळशीरामजींच्या कमरेला.

तुळशीराम देवतळे म्हणजे आमच्या नागपूरच्या फार्मसी कॉलेजातले लॅब अटेंडंट. अठ्ठावीस वर्षं त्यांनी आमच्या विभागातल्या नळ्या धुतल्या होत्या. या काळात तिथला एक चमचा इकडचा तिकडे झाला नव्हता. पीएचडीची मुलं यायची, डॉक्टर होऊन जायची, तुळशीरामजी तिथेच. माझे गाइड काठाळे सर म्हणायचे, या विभागात न हरवणाऱ्या दोनच वस्तू आहेत, एक भिंत आणि दुसरे तुळशीराम. त्यामुळे मी तिसऱ्यांदा वजन केलं. शंका घ्यायचीच तर आधी बॅलन्सवर घेतलेली बरी.

ती पावडर कशाची, ते सांगायला हवं. आम्ही अल्झायमरवरचं औषध शोधत होतो. हा आजार एका वाटेने येत नाही. मेंदूत निरोप पोचवणारं द्रव्य कमी पडतं, कारण एक एन्झाइम ते तोडत असतं. प्रथिनांच्या गाठी साचतात. तिसरं एक एन्झाइम पेशींना आतून पोखरत राहतं. यातल्या एकेका वाटेवर पहारा ठेवणारी औषधं होती, आणि त्यांनी चार दिवस बरं वाटायचं. काठाळे सरांचं म्हणणं असं, की एकाच रेणूला तिन्ही ठिकाणी कामाला लावायचं. दोन जुन्या औषधांचे तुकडे घ्यायचे आणि मध्ये कार्बनची साखळी घालून ते जोडायचे. साखळी आखूड पडली तर एक टोक जागेवर पोचत नाही. लांब झाली तर रेणू नुसता लोंबकळतो. अशा जोडण्या करत मी तीस रेणू बनवले. एका ठिकाणी चालला तर दुसऱ्या ठिकाणी रुसायचा. एकतिसावा तिन्ही ठिकाणी चालला.

तो आकडा आला त्या दिवशी सरांनी अख्ख्या विभागाला चहा पाजला होता. एप्रिलच्या वीस तारखेला आमचं काम बघायला समिती येणार होती. त्यांना एकतीस नंबर पटला, तर उंदरांवरच्या चाचण्यांना परवानगी आणि माझ्या फेलोशिपला आणखी दोन वर्षं. नाही पटला, तर मी जूनमध्ये सामान बांधून घरी. त्या व्हायलमध्ये माझं सगळंच होतं म्हणायला हरकत नाही.

तुळशीरामजी धुण्याच्या खोलीत होते. सिंकमध्ये नळ्यांचा ढीग, नळ सोडलेला.

"तुळशीरामजी, एकतीस नंबर कमी भरतोय," मी म्हणाले.

त्यांनी नळ बंद केला. हात ॲप्रनला पुसले.

"हो मॅडम. मीच घेतलं."

मी नकाराची तयारी करून आले होते. मग काय विचारायचं, कसं पकडायचं, सगळं ठरवून. आता ते सगळं वाया गेलं.

"कशाला?"

"शेवंतासाठी."

शेवंताबाई त्यांच्या पत्नी. मी नवीन होते तेव्हा हिवाळ्यात त्या आम्हा सगळ्यांसाठी डबाभर सांबारवड्या पाठवायच्या. कोथिंबीर इतकी ठासून भरलेली, की पहिल्या घासाला हातावर हिरवं तेल यायचं. मग डबा येणं बंद झालं. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या वडीचं पीठ भिजवायचं विसरायला लागल्या होत्या. नंतर घरचा रस्ता. नंतर मुलीचं नाव. मुलगी भंडाऱ्याला दिलेली, तुळशीरामजी ड्युटीवर आले की शेजारची बाई येऊन बसायची. आम्ही ज्या आजाराची चित्रं भिंतीवर लावत होतो, तो आजार रोज संध्याकाळी पाच वाजता सायकलवरून घरी जाणाऱ्या माणसाच्या घरात होता. आणि आम्ही त्यांच्यासमोर सेमिनार घ्यायचो.

"थे मले वळखत नाही दोन वर्षांपासून," ते म्हणाले. "मी घरात आलो का डोक्यावर पदर घेते. मले मामाजी म्हणते. माह्या बापाले म्हणायची तसं. मलेच इचारते, मामाजी, ते ड्युटीवरून कवा येतीन."

"तुळशीरामजी, ती पावडर अजून उंदरालासुद्धा दिलेली नाही. ती विषारी असू शकते. लिव्हर जाऊ शकतं. तुम्हाला हे माहीत आहे."

"माहीत हाय."

"मग?"

ते सिंककडे बघत राहिले. "रोज सकाळी सहाले दूध देतो तिले. बरोब्बर सहाले, त्याच कपात. गेल्या शनिवारी पाचवा दिवस होता. कप हातात देल्ला, त तिनं माह्याकडं पायलं आन म्हणली, अवो, साखर कमी हाय."

"अवो म्हणाल्या?"

"अवो म्हणली."

चौतीस वर्षांच्या संसारात शेवंताबाईंनी नवऱ्याला दुसरी कुठली हाक मारलीच नव्हती. त्यांच्या पिढीत नाव घ्यायची पद्धत नाही. 'अवो' हेच त्यांचं नाव.

आता जे झालं ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी घाबरायला हवं होतं. घाबरलेही, पण क्षणभर. त्याच्या मागून पायापासून डोक्यापर्यंत आनंद झाला. माझा रेणू माणसात चालला! मी तुळशीरामजींचा दंड धरला आणि म्हणाले, "काय सांगता?" ते काही बोलणार होते. तेवढ्यात मागून काठाळे सर आले, हातात स्लाइडचे कागद.

"हर्षदा, तुला सगळीकडे शोधून राहिलो. हे आलेख बघ जरा. आणि एकतीसची रिकामी नळी लावलीस ना?"

रिकामी नळी हे सरांचं पेटंट वाक्य. तुम्ही त्यांना सांगितलं की माझं लग्न ठरलं, तरी ते विचारतील, रिकामी नळी काय म्हणते, अशी त्यांची थट्टा विभागात चालायची. आमची पहिली चाचणी रंगावर चालते. एन्झाइम काम करत असेल तर ते एक गंधकाचं द्रव्य तयार करतं, आणि त्याने नळी पिवळी होते. औषधाने एन्झाइमला अडवलं तर पिवळी होत नाही. रिकाम्या नळीत एन्झाइम घालायचंच नाही. ते जे द्रव्य तयार करतं, ते आपणच वरून टाकायचं. तिथे अडवण्यासारखं काहीच नसतं, म्हणून औषध असो वा नसो, पिवळा रंग यायलाच हवा. नाही आला, तर औषध एन्झाइमवर नाही, चाचणीवरच काम करतंय असं समजायचं.

पहिल्या बारा रेणूंना मी ही नळी इमानाने लावली. बाराही वेळा स्वच्छ पिवळा रंग आला. मग कंटाळा आला. तेराव्यापासून मी बाराव्याच्या रिकाम्या नळीचा आकडा सगळ्यांना लावत गेले. वहीत पेन्सिलने लिहिलं होतं, 'नंतर करणे'.

"हो सर," मी म्हणाले.

सर स्लाइडमध्ये डोकं घालून निघून गेले. तुळशीरामजींनी पुन्हा नळ सोडला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी घरी या मॅडम. दाखवाचं हाय काही."

"येते. पण आता एक कणही द्यायचा नाही. शपथ घ्या."

"नाही देत," ते म्हणाले.

रविवारपर्यंतचे तीन दिवस मी हवेत होते. सरांना सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. दिवसाला साधारण किती मिलिग्रॅम पोटात गेलं असेल, त्याचं गणित मात्र केलं. लिव्हरची तपासणी कुठल्या पॅथॉलॉजीत गुपचूप करता येईल याची चौकशी केली. आणि वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाकून लिहिलं, 'पाचव्या दिवशी ओळख.' चोरीचा पुरावा म्हणून नव्हे, यश म्हणून लिहिलं. माणूस किती लवकर घसरतो हे मला त्या पानाने शिकवलं.

रविवारी सकाळी नऊ वाजता स्कूटी काढली तेव्हाच ऊन टोचायला लागलं होतं. तोंडाला स्कार्फ बांधून नंदनवन वस्तीत पोचले. तुळशीरामजींचं घर दोन खोल्यांचं, खिडकीत कूलर, अंगणात मोगऱ्याची कुंडी. शेवंताबाई कूलरसमोर खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीत सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, आणि त्या एकेक पान खुडून ताटलीत ठेवत होत्या. इतक्या मन लावून, की मला वाटलं आता उठतील आणि पीठ भिजवतील.

"रोज एक जुडी आणून देतो," तुळशीरामजी म्हणाले. "हातांले ठाऊक हाय अजून."

त्यांचा आवाज ऐकताच बाईंनी डोक्यावर पदर ओढला आणि मान खाली घातली.

"मामाजी, ह्या बाई कोन आल्या? ते घरी नाहीत. ड्युटीवर गेले."

"येते थो आता," तुळशीरामजी म्हणाले. "बस तू."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"तुम्ही तर म्हणालात, ओळखलं म्हणून."

"वळखलं होतं. शनिवारी. एक खेप."

"मग आपण डोस थांबवला म्हणून तर नाही..."

त्यांनी हाताने थांबायची खूण केली. आत गेले आणि देव्हाऱ्यामागून कागदाची पुडी घेऊन आले. आमच्या लॅबचाच, वजन करायचा गुळगुळीत कागद. चारी बाजूंनी घडी घातलेला, वर पेनाने लिहिलेलं, 'एकतीस'.

"हे घ्या. उद्या मोजून पाहा. कन बी गेला नसन."

मी पुडी उघडली. पावडर आत होती. फिकट, लिंबाच्या सालीच्या रंगाची, माझी सात महिन्यांची.

"मग दुधात काय दिलंत?"

"काहीच नाही. रिकामं दूध."

मला कळेना. ते समोरच्या स्टुलावर बसले. बाई त्यांच्याकडे पाठ करून पानं खुडत होत्या.

"नवीन लागलो तवा मी काठाळे सरांले इचारलं होतं," ते म्हणाले. "सर, जिच्यात कवा औषध नाही, कवा एन्झाइम नाही, थे नळी मले कायले धुवाले देता? सर म्हणले, तुळशीराम, तेच नळी खरं बोलते, बाकीच्याईले आपन बोलवतो. अठ्ठावीस वर्षं धुऊन राहिलो, मॅडम. मले तुमची केमिस्ट्री समजत नाही. पन आधी रिकामी लावाची, एवढं समजते. म्हणून ठरवलं, आधी आठ दिवस रिकामं दूध देईन, मंग पावडर. वही बी केली."

त्यांनी शाळेची चाळीस पानी वही माझ्यापुढे धरली. पहिल्या पानावर आखून दोन रकाने केले होते. तारखांसमोर बॉलपेनने लिहिलं होतं. दूध, मामाजी. दूध, मामाजी. दूध, बोलली नाही. दूध, मामाजी. दूध, अवो. दूध, मामाजी. दूध, मामाजी. दूध, मामाजी.

"त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडलो," ते म्हणाले. "आन मंग आंगावर काटा आला. म्हटलं, आजच्या दुधात पावडर असती त? मी तुमच्या पायावर डोकं ठेवलं असतं. आयुष्यभर तेच देत बसलो असतो तिले, लिव्हर जाओ का किडनी जाओ. आन तुमी बी खरंच मानलं असतं."

"मी मानलंच होतं," मी म्हणाले.

"दिसलं मले. तुमच्या तोंडावर एवढा आनंद आला, का पुढचं बोलवलंच नाही. मंग सर आले." त्यांनी वही मिटली. "चोरी केली हे खरं हाय. सरांले मी स्वतः सांगतो. पन तिच्या पोटात गेलं नाही काही."

मी पुडीची घडी पुन्हा घातली. हा माणूस नववी शिकलेला. बायको डोळ्यांसमोर हातातून निसटत असताना, औषध देव्हाऱ्यामागे तयार असताना, त्याने आठ दिवस थांबायचं ठरवलं. आणि मी, जिच्या नावामागे वर्षभरात डॉक्टर लागणार होतं, मला एक नळी लावायचा कंटाळा आला होता. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"तुळशीरामजी," मी म्हणाले, "एकतीसची रिकामी नळी मी लावलेली नाही."

त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. सरांनी मला शिव्या घातल्या असत्या तर त्या सोप्या गेल्या असत्या.

निघताना शेवंताबाईंनी मला थांबवलं. ताटलीतली खुडलेली पानं दोन्ही हातांनी उचलून माझ्या ओंजळीत दिली. "घेऊन जा बाई. पोराईले वड्या करा. उपाशी राह्यतेत थे, शिकनारे."

सोमवारी सकाळी सात वाजता मी लॅब उघडली. तुळशीरामजी माझ्या आधी दारात उभे होते. पुडी बॅलन्सवर ठेवली. एक्केचाळीस पूर्णांक आठ. उरलेले दोन दशांश कागदाला चिकटले असतील.

मग तीन नळ्या घेतल्या. एरवी आम्ही हे काम प्लास्टिकच्या प्लेटमधल्या बारीक खळग्यांत करतो आणि मशीन रंग मोजतं. त्या दिवशी मला मशीन नको होतं. काचेच्या मोठ्या नळ्या हव्या होत्या, डोळ्यांना दिसेल अशा. तिन्हींत गंधकाचं द्रव्य टाकलं. पहिलीत औषध काहीच नाही. दुसरीत बारावा रेणू. तिसरीत एकतिसावा. मग तिन्हींत रंग उठवणारं द्रावण सोडलं.

पहिली नळी लगेच पिवळी झाली. दुसरीही झाली. तिसरी पाण्यासारखी राहिली.

आम्ही दोघं बघत उभे होतो. मी घड्याळ लावलं होतं, पाच मिनिटं. पाच झाली, दहा झाली. तिसरी नळी तशीच.

"याच्यात एन्झाइम किती टाकलं?" तुळशीरामजींनी विचारलं.

"टाकलंच नाही."

"मंग हे अडवून कोनाले राहिलं?"

"कुणालाच नाही. हे गंधकालाच धरून बसतंय, म्हणून रंग उठत नाही. एन्झाइमशी याचा काही संबंध नाही."

मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग दुसरी चाचणी काढली, गाठींची. तिथे गाठी झाल्या की नळी चमकते. तिथेही मी रिकामी नळी लावली, तर कळलं की एकतीस नंबर स्वतःच ती चमक गिळतो. गाठी होत्या तशाच होत्या. तिसऱ्या चाचणीत मात्र थोडंसं खरं निघालं. आधी वाटलं होतं त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं, पण खरं. दुपारचे दोन वाजले होते. तुळशीरामजी मधूनमधून येत, नळ्या नेत, धुऊन आणून ठेवत. जेवायला जा, असं त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही.

तीन वाजता मी सरांच्या केबिनमध्ये त्या तीन नळ्या स्टँडसकट ठेवल्या आणि सगळं सांगितलं. सर नळ्यांकडे बघत होते.

"मी गुरुवारी विचारलं होतं तुला."

"हो सर. मी खोटं बोलले."

"आणि त्याआधी?"

"तेराव्यापासून लावलीच नव्हती. बाराव्याचा आकडा वापरला."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावले नाहीत. एकदम म्हातारे दिसले. चूक त्यांनाही लागू होती. वही तपासणं त्यांचं काम होतं, आणि एकतीसच्या आकड्याने त्यांनाही भुलवलं होतं. ते स्वतःच तसं म्हणाले.

"गुरुवारी समिती आहे. काय दाखवशील?"

"हेच."

"फेलोशिप जाईल."

"जाऊ दे सर. नाहीतर ही पावडर उंदरांना देऊ, मग कुणाच्या तरी आईला देऊ."

तेवढ्यात तुळशीरामजी दारात आले. कमरेची किल्ली सोडून त्यांनी सरांच्या टेबलावर ठेवली आणि पुडीची हकिकत स्वतः सांगितली, एकही शब्द न गाळता. सरांनी ऐकून घेतलं. किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली. "महिनाभर माझ्याकडे राहील," एवढंच म्हणाले. महिन्याने त्यांनी ती स्वतः नेऊन दिली.

गुरुवारी मी समितीसमोर पहिल्या स्लाइडला सांगितलं, की एकतीस नंबर हे औषध नाही. मग तीन नळ्या त्यांच्यासमोरच लावल्या. एका सदस्याने विचारलं, ही तपासणी आत्ताच का सुचली. मी म्हणाले, "आमच्या विभागात एका सहकाऱ्याने ती माझ्याआधी केली होती. घरी, दुधाच्या कपात." त्यांना ते कळलं नाही. सरांनी घसा साफ केला. मागितली होती दोन वर्षं, मिळाले सहा महिने. तेही कशासाठी दिले कुणास ठाऊक.

संध्याकाळी मी धुण्याच्या खोलीत गेले. तुळशीरामजी त्याच तीन नळ्या ब्रशने घासत होते. मी दाराला टेकून उभी राहिले आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.

"काहीच उरलं नाही, तुळशीरामजी."

त्यांनी नळी उजेडाकडे धरून आरपार पाहिली. डाग नाही याची खात्री केली आणि स्टँडला उलटी लावली.

"तिसऱ्या ठिकाणी थोडंसं खरं होतं म्हणल्या ना?"

"थोडंसं."

"मंग तेवढं धरून बत्तीस नंबर कवा सुरू करता?"

मी डोळे पुसले. "सोमवारी."

"उद्या काहून नाही?"

दुसऱ्या दिवशी सुरू केला. गंधकाला धरणारा तुकडा आधी कापून टाकला.

पंधरा वर्षं झाली त्याला. बत्तीस नंबर पडला. चव्वेचाळीस पडला. सहा महिन्यांचं वर्ष केलं, वर्षाची तीन केली, कधी क्लासेसमध्ये शिकवून, कधी सरांच्या भांडणांवर. आता माझी स्वतःची लॅब आहे, त्याच गावात. ब्याण्णव नंबर उंदरांपर्यंत गेला आणि दोन ठिकाणी खरोखर चालला. तिसऱ्यासाठी भांडण चालू आहे. औषध अजून झालेलं नाही.

शेवंताबाई त्या एप्रिलनंतर दोन वर्षांनी गेल्या. तेराव्यानंतर तुळशीरामजी लॅबमध्ये आले, तेव्हा त्यांच्या हातात पिशवी होती. तिच्यात शाळेच्या वह्या, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या. मी वरची उघडली. तेच दोन रकाने, बॉलपेनची तीच अक्षरं. दूध, मामाजी. दूध, मामाजी. दूध, बोलली नाही. आठ दिवसांनी ते थांबलेच नव्हते. रोज सकाळी सहाला, त्याच कपात, शेवटच्या आठवड्यापर्यंत.

"हे तुमच्यापाशी ठेवा मॅडम," ते म्हणाले. "रिकाम्या नळीची वही हाय. तुमचं औषध येईन तवा याच्यासंगं लावून पाहा."

ते गेल्यावर मी दार लावून त्या वह्या पहिल्या पानापासून वाचल्या. सातशे बारा सकाळी. त्यांत 'अवो' नऊ वेळा. नवव्यापुढे कंसात लिहिलं होतं, साखर बरोबर आहे म्हणाली.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी रेणू दाखवत नाही. त्या वह्या हातात देते आणि मोजायला सांगते. मग सांगते, की आपल्या औषधाला नऊच्या वर जायचं आहे.